विसावं नाव

दीनानाथ गुरुजींनी आयुष्यात तीनशे बारा लोकांचा परिचय करून दिला होता, आणि त्यांतल्या निदान तीनशे जणांना ते ओळखत नव्हते.

ओळख असली की परिचय बिघडतो, असं त्यांचं मत होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी संपून अकरा वर्षं झाली, तरी तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत कुठं सत्कार निघाला, पतसंस्थेची शाखा उघडली, की परिचय लिहून घ्यायला माणूस त्यांच्याच दारात यायचा. गुरुजींचा साचा पक्का होता. बालपण खडतर, स्वभाव मनमिळाऊ, कार्य अफाट. ज्याचं बालपण खडतर नव्हतं त्याचंही ते खडतर करून देत. वडगावच्या एका बागायतदाराच्या मुलाला त्यांनी शाळेसाठी रोज तीन मैल अनवाणी चालवलं होतं. भर सभेत ते ऐकून तो मुलगा स्वतःच्या हालांनी रडला होता.

तर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागच्या गल्लीतला सुश्रुत त्यांच्याकडे आला. सुश्रुत घाटमाथा एफसी या व्यावसायिक फुटबॉल क्लबात कामाला होता. टाकवे बुद्रुकच्या पुढं क्लबचं मैदान होतं. तिथं तो 'मीडिया' बघायचा, म्हणजे नेमकं काय बघायचा हे त्याच्या आईलाही सांगता येत नसे.

"काका, पाच मेन प्लेअर्सचे प्रोफाइल हवेत. मराठीत. सीझनची पुस्तिका काढतोय. लोकांना टीम आपली वाटली पाहिजे."

"आपले किती आहेत तिच्यात?"

"एक."

"आणि बाकीचे?"

"गोलकीपर केरळचा, मिडफिल्डचे दोघं मणिपूरचे, स्ट्रायकर घानाचा. लोकल एकच, लेफ्ट बॅक. त्याचंही लिहून ठेवा, पण तो फायनल नाही. प्रत्येकी दीडशे शब्द."

"दीडशे शब्दांत माझ्याकडे बालपणसुद्धा संपत नाही," गुरुजी म्हणाले. पण त्यांनी चष्मा लावला आणि सुश्रुतनं पुढं केलेला कागद घेतला.

कागदावर पाचवं नाव होतं, सत्यम हौशीराम केदारी. गाव खडकटेप, पवनानगरच्या पुढं. जन्म १ जून १९९५.

गुरुजींना आनंद झाला. खडकटेपच्या एकशिक्षकी शाळेत त्यांनी चौदा वर्षं काढली होती, हा सत्यम त्यांचाच विद्यार्थी. जन्मतारखेबद्दल तर शंकाच नव्हती, ती त्यांच्याच हातची होती. चौदा वर्षांत त्यांनी जेवढी मुलं दाखल केली, तेवढी सगळी एक जूनला जन्मली होती. अशी एकदम एका दिवशी फक्त कासवाची पिल्लं निघतात म्हणे. पण आयांना तारीख विचारली की त्या सांगायच्या, "भाताची आवणी चालू व्हती तवा झाला," नाहीतर "म्हस याली त्याच्या दुसऱ्या रोजी." आता म्हशीची तारीख कुठल्या रजिस्टरात शोधायची? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, सहा पूर्ण लागायची. एक जून लिहिलं की हिशेब चुकत नसे. आजूबाजूच्या सगळ्या शाळांत हेच चालायचं. मावळात एक जूनला इतके वाढदिवस असतात की कुणी कुणाला शुभेच्छा द्यायच्या, हा प्रश्नच पडावा.

दोन दिवसांनी सुश्रुतच्या गाडीवर मागं बसून गुरुजी मैदानावर गेले. सकाळचा सराव संपत आला होता. आधी घानाचा क्वेसी भेटला. गुरुजींचं इंग्रजी व्याकरणाला धरून असल्यामुळे हळू चालायचं, पण क्वेसीला घाई नव्हती. तो तळेगावात भाड्यानं राहायचा आणि मंडईत कोथिंबिरीचा भाव करण्यापुरतं मराठी शिकला होता.

"क्वेसी म्हणजे काय?" गुरुजींनी विचारलं.

"रविवार," तो म्हणाला. आमच्याकडे मूल ज्या वारी होतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं, असं त्यानं समजावून सांगितलं. बाप तारीख विसरेल, साल विसरेल, पण वार हाक मारण्यातच असतो, त्यामुळे तो हरवत नाही. "तुमच्याकडे कसं असतं?"

"आमच्याकडे तारीख ठरलेली असते," गुरुजी म्हणाले, आणि हे लिहून घेतलं नाही.

मग सत्यम आला. पायऱ्यांवर त्यांच्या शेजारी बसला, बूट सोडू लागला. बुटका, रुंद खांद्यांचा, पोटऱ्या मुसळासारख्या. गुरुजींनी वही उघडली आणि सवयीनं पहिला प्रश्न टाकला.

"लहानपणी शाळेसाठी किती चालावं लागायचं?"

"शाळा घराला लागूनच व्हती की, गुरुजी. तुमीच व्हता तितं."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "फुटबॉल कुठं शिकलास?"

"उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की खालची जमीन उघडी पडती, सपाट. तितं खेळायचो. जून लागला की मैदान पाण्यात. मग पुढल्या उन्हाळ्यापर्यंत सुट्टी." त्यानं एक बूट काढून बाजूला ठेवला. "तुमी लिहा गुरुजी, पण छापून येतंय का न्हाई ते एक जूनला कळंल."

"का?"

सत्यमनं सांगितलं. क्लबात यंदा नवे संचालक आले होते. त्यांनी आकडेमोड करून नियम आणला होता, की नव्या मोसमाच्या पहिल्या दिवशी म्हणजे एक जूनला ज्या बचावपटूची तिशी पूर्ण होईल, त्याला नवा करार द्यायचा नाही. सत्यमचा करार एकतीस मेला संपत होता आणि दुसऱ्या दिवशी तो तीस वर्षांचा होत होता.

"एका दिवसानं?" गुरुजी म्हणाले.

"व्हय. तसा मी अजून एकोणतिसाचापण न्हाई. आई म्हणती, तू दिवाळीनंतरचा, ते पण पुढल्या सालचा. पन आता आईला कोण विचारतंय?" तो हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हता. कंपनीची बस चुकल्याचं सांगावं तसं सांगत होता. "तिसाव्या वर्षी सुटलेला बॅक कुणी घेत न्हाई. दुसऱ्या दोन क्लबांत विचारून बघितलं. ते पन कागदच बघतात. बायकोला, कोमलला, सांगितलंय, जूनपासनं परत तळेगावला गोडाउनात जाईन. आधी करतच व्हतो."

गुरुजींचं पेन थांबलं होतं. ते पुन्हा चालू करण्यासाठी त्यांनी विचारलं, "गोडाउनात का गेलास? एवढा चांगला खेळत होतास, तर लहानपणीच कुणी निवडलं नाही?"

"गेलतो ना. पुण्यात. पंधराच्या आतल्या पोरांची निवड व्हती. निवडलेल्यांना तितंच ठेवायचे, शाळा, जेवण, सगळं. सहा वर्षं. ऑगस्टात गेलतो. माझा दाखला बघितला अन् म्हणले, तुला पंधरा पुरी झाली, तू मोठा हाईस, बाजूला हो." सत्यम हसला. "दोनशे पोरं उभी व्हती, गुरुजी. त्या वळीत सगळ्यांत बुटका मी, अन् मोठा पन मीच."

मग दुसरा बूट सोडत तो म्हणाला, "बाकी तुमाला हवं ते लिहा. तुमी चांगलंच लिवता."

परत येताना सुश्रुतनं गाडीवरून मागं वळून विचारलं, "मिळालं का काका मटेरियल?" गुरुजी म्हणाले, "मिळालं," आणि तळेगाव येईपर्यंत काही बोलले नाहीत. हे इतकं नवीन होतं की सुश्रुतनं दोनदा मागं बघून ते गाडीवर आहेत याची खात्री करून घेतली.

घरी त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई कैरीच्या फोडींना मीठ लावत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "हा तोच ना, तुमच्या भाषणातला?"

तोच होता. गुरुजींच्या भाषणात एक उदाहरण ठरलेलं होतं. शिक्षणाची गोडी अशी, की खडकटेपला साडेचार वर्षांचं एक मूल आपल्या पायांनी चालत शाळेत आलं, आणि मी नियम बाजूला ठेवून त्याला प्रवेश दिला. इथं टाळ्या पडत. प्रत्यक्षात ते मूल आईच्या कडेवर आलं होतं आणि आल्याबरोबर झोपलं होतं.

बाकीचं भाषणात नव्हतं. ते साल २००१. शाळेचा पट एकोणीस. वीसच्या खाली पट गेला तर शाळा शेजारच्या गावात मिसळायची आणि शिक्षकाची बदली, असं पत्र आलं होतं. बदली वेल्ह्याच्या डोंगरात होणार हेही कानावर होतं. इकडे तळेगावात घराचा पाया भरून झालेला, सुनेत्राबाई नुकत्याच बालवाडीत लागलेल्या. अशात आवणीच्या दिवसांत सत्यमची आई कस्तुराबाई पोराला घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ह्याला कोपऱ्यात बसू द्या गुरुजी, मी सांजच्याला नेते." गुरुजींनी त्याला कोपऱ्यात बसवलं आणि रजिस्टर उघडलं. साडेचारचे सहा केले. विसावं नाव. शाळा राहिली, गुरुजी राहिले, घर बांधून झालं.

"तेव्हा मला म्हणाला होतात, एका पोराचं भलं झालं," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"झालंच होतं."

"कुठल्या?" त्यांनी विचारलं आणि बरणीचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी कामशेतहून पवनानगरच्या जीपमध्ये बसले आणि पुढचं अंतर चालत खडकटेपला पोचले. बदललेलं बरंच होतं. धरणाच्या काठानं तंबू लागले होते आणि सत्यमचा बाप हौशीराम केदारी आता पर्यटकांना चुलीवरची भाकरी खायला घालत होता. कस्तुराबाई अंगणात करवंदं निवडत होती. तिनं गुरुजींना ओळखलं, पदर सावरला, पाणी आणलं. गुरुजी पाणी प्यायले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. पट, पत्र, वेल्हे, पाया. एका दमात, न थांबता. आपल्या बोलण्यात 'अफाट' हा शब्द एकदाही आला नाही, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

कस्तुराबाईनं ऐकून घेतलं. "मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"गुरुजी, तुमी त्या साली घरोघर फिरत व्हता, पोरगं हाय का पोरगं हाय का करत. सरूबाईच्या तर पाळण्यात डोकावलता. मला पोरगं टेकवायला जागा पायजे व्हती, तुमाला पोरगं पायजे व्हतं. मी म्हनलं, घ्या." तिनं एक कच्चं करवंद बाजूला टाकलं. "पन त्याचं वय खाल्लं जाईल, हे मला न्हाई कळलं. तुमाला कळायला पायजे व्हतं. तुमी शिकल्याले."

गुरुजींनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. एरवी अशा जागी त्यांनी भाषण केलं असतं.

"त्याची जन्माची नोंद ग्रामपंचायतीत नाही का?" त्यांनी विचारलं.

"हितं कशी असंल? पयला तो. पयलं बाळंतपण म्हायेरी असतंय ना. माझं म्हायेर टाकव्याकडं."

पंचवीस वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सत्यमच्या प्रत्येक कागदासाठी सगळे खडकटेपच्या दप्तरात शोधायचे, तिथं नोंद सापडायची नाही, मग शाळेचा दाखला पुढं व्हायचा, आणि दाखल्यावर एक जून. मूल दोन महिन्यांचं होऊन आईबरोबर खडकटेपला आलं होतं, पण त्याची नोंद आजोळीच राहिली होती.

टाकव्याच्या बाजूच्या ग्रामपंचायतीत ती मिळाली. नाव नव्हतं, नाव बाराव्या दिवशी ठेवतात आणि नोंद त्याआधी झाली होती. 'मुलगा. आई कस्तुरा, बाप हौशीराम केदारी, रा. खडकटेप. १९ नोव्हेंबर १९९६.' कोपऱ्यात कुणीतरी चहाचा कप ठेवला होता, त्याचा गोल तारखेला जेमतेम चुकला होता.

तो दाखला घेऊन गुरुजी क्लबच्या वकीलबाईंना भेटले. बाई चांगल्या होत्या, त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. पण त्या म्हणाल्या, "सर, सरकारी कागद बदलायला कोर्टात जावं लागेल, त्याला वर्ष लागेल. तिशीचा नियम मात्र क्लबचा स्वतःचा आहे, तो आम्ही आमच्या समाधानानं ठरवू शकतो. प्रश्न समाधानाचा आहे. या नोंदीत नाव नाही. हा तोच मुलगा कशावरून?"

"मी सांगतो ना. मीच तारीख लिहिली. मी प्रतिज्ञापत्र करून देतो."

"अशी प्रतिज्ञापत्रं दर मोसमाला दोन येतात. सगळ्या मुख्याध्यापकांच्या हातून अनवधानानं चूक झालेली असते." त्यांनी दाखला पुन्हा पाहिला. "अनवधानानं दोन-चार महिने चुकतात सर. साडेसतरा महिने चुकायला कारण लागतं. असलं तर तेवढं लिहा."

वडगावला कचेरीबाहेर सोपान टायपिस्ट तीस वर्षं बसतो. त्याच्याकडे प्रत्येक पापाचा मसुदा तयार असतो. गुरुजींनी विषय सांगेपर्यंत त्यानं अर्धं पान उठवलंसुद्धा. 'मी शपथेवर लिहून देतो की माझ्या हातून अनवधानाने...'

"अनवधानाने नको," गुरुजी म्हणाले. "जाणूनबुजून लिही."

सोपाननं की-बोर्डवरून हात उचलले. "गुरुजी, असं कुणी लिहीत नाही."

"मी लिहितोय."

"तुमची पेन्शन चालू आहे?"

"आहे."

"मग अनवधानच बरं. हे बघा, जमिनीवर कुंपण सरकवतात तेही अनवधानानं. दुसरं लग्न झालंय माझ्यासमोर अनवधानानं. सरकारला तो शब्द आवडतो. जाणूनबुजून लिहिलं की कुणीतरी वाचत बसतं."

गुरुजींनी कागद न करताच घर गाठलं. जेवताना सुनेत्राबाईंना सांगितलं. "वकीलबाई म्हणतात, इतक्या वर्षांनी पेन्शनला कुणी हात लावणार नाही. टायपिस्ट म्हणतो लावतील."

"टायपिस्टाला जास्त अनुभव असतो," सुनेत्राबाई म्हणाल्या. भात वाढला. आमटी वाढली. मग म्हणाल्या, "हे घर वेल्ह्याला बांधता आलं नसतं. म्हणजे यातली एक खोली त्या पोराचीच आहे. कुठली, ते ठरवायचं राहिलंय फक्त."

दुसऱ्या दिवशी सोपाननं 'जाणूनबुजून' टाइप केलं. त्याला तो शब्द दोनदा खोडावा लागला, बोटांना सवय नव्हती. खाली गुरुजींनी कारण सांगितलं आणि त्यानं एकेक शब्द मोठ्यानं म्हणत उठवलं: 'शाळेचा पट वीस व्हावा व माझी बदली होऊ नये यासाठी.' शेजारच्या स्टँपवाल्यानं मान वर करून गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी सही केली. आयुष्यभर इतरांच्या कार्यावर लिहिलं होतं, स्वतःच्या कार्याबद्दलचा हा त्यांचा पहिलाच मजकूर, आणि तो एका ओळीत मावला होता.

क्लबात देण्याआधी तो सत्यमनं वाचावा, असं त्यांना वाटलं. मैदानाच्या बाहेर, वडापावच्या गाडीपाशी त्यांनी कागद त्याच्या हातात दिला. सत्यमनं उभ्यानं वाचला. मग पुन्हा वाचला. मग घडी घातली.

"बदली झाली असती तर कुटं झाली असती?"

"वेल्ह्याला."

"लांब हाय," सत्यम म्हणाला. एक सिमेंटचा मिक्सर गेला, मागून एस.टी. गेली. "पुण्याला मी पायी गेलो नसतो का, गुरुजी, त्या निवडीत घेतलं असतं तर? तुमी लांबचं काय घेऊन बसलात."

गुरुजी म्हणाले, "तू रागावलास तर बरोबर आहे."

"रागावलोय का ते अजून कळंना झालंय. कळलं की सांगतो." त्यानं कागद परत दिला. "द्या आत. सरावाची वेळ झाली."

कागद आत गेला, आणि अर्थातच तो तेवढाच आत राहिला नाही. सोपाननं सांगितलं म्हणा, स्टँपवाल्यानं म्हणा, आठवड्याच्या आत तळेगावच्या घरी गुरुजींचे जुने विद्यार्थी येऊ लागले. एकूण अकरा जण आले. गुरुजींना वाटलं, जाब विचारायला आले. दहा जण हात जोडून म्हणाले, आमची तारीख आहे तशी राहू द्या. एकाचं लग्न त्या तारखेवर जुळवलेल्या पत्रिकेवर झालं होतं आणि संसार चांगला चालला होता. एकाला त्या वाढीव वर्षामुळे पोलीस भरतीत बसता आलं होतं. कोंडाजी नावाचा एक जण नुसताच बसून राहिला, चहा घेतला, आणि जाताना म्हणाला, "आमी खरे कवाचे हे तुमाला ठावं असंल म्हणून आलतो. आई गेली, आता सांगायला कोण न्हाई." गुरुजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री त्यांनी भाकरी अर्धी टाकली.

एकतीस मे शनिवारी होता. गुरुवारी संचालकांनी सत्यमला बोलावलं. ते काय म्हणाले हे सुश्रुतकडून कळलं: कागदपत्रांत जो माणूस स्वतःवर ठपका घेतो, तो सहसा खोटं बोलत नाही, कारण खोटं बोलायला यापेक्षा सोपे मार्ग आहेत. वकीलबाईंनी मान डोलावली. सत्यमला दोन वर्षांचा करार मिळाला. सरकारी तारीख बदलण्याचा अर्ज क्लबच करणार होता आणि त्यात गुरुजींना साक्षीला जावं लागणार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सत्यम तळेगावला आला. सुनेत्राबाईंनी कैरीचं पन्हं दिलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला, जणू कुणी हाक मारेल. गुरुजींनी पाचही परिचय पूर्ण केले होते. सत्यमचा त्यांनी सगळ्यांत शेवटी लिहिला होता आणि आठवडाभर लिहिला होता.

"वाचून बघ," ते म्हणाले. "चुकलं असेल तर सांग."

सत्यमनं वाचला. त्यात पट होता, विसावं नाव होतं, पुण्यातली निवडीची रांग होती, दोनशे मुलं होती. 'हे सर्व प्रस्तुत लेखकाच्या स्वार्थामुळे घडले', असं स्पष्ट लिहिलं होतं. गुरुजींना तो परिचय आवडला होता. इतकं खरं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, आणि लिहिताना दोन ठिकाणी त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले होते.

"चांगलं लिवलंय," सत्यम म्हणाला. "पन हे नको."

"का? खरं आहे."

"खरंच हाय. पन ह्यात तुमीच लय दिसता, गुरुजी." त्यानं हे अगदी सहज म्हटलं. "लोक वाचणार, अन् मग मॅचला येऊन माझं वय बघणार. ह्याचा वेग कमी झाला का, हा खरंच अठ्ठावीसचा का. त्यांनी चेंडू बघायला पायजे. तुमचं कागदावर एकदा आलंय, वडगावला. हितं माझं येऊ द्या."

आतल्या खोलीत सुनेत्राबाईंच्या हातातलं भांडं थांबलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"मग सांग तूच. काय लिहू?"

सत्यमनं विचार केला. परिचय सांगायची त्याला सवय नव्हती.

"लिहा, डाव्या बाजूला खेळतो. उजवा पाय कच्चा हाय, तो त्यांना म्हाईतच हाय, लिहिलं तरी चालंल. शेवटच्या दहा मिनिटांत दमत न्हाई. धरणाच्या गाळात खेळून आल्यामुळं ओल्या मैदानावर घसरत न्हाई. क्वेसीला पास पुढनं दिलेला आवडत न्हाई, त्याच्या मागनं देतो. एवढंच."

"स्वभाव?"

"कुणाचा?"

"तुझा."

"ते तुमी नका लिहू. तुमाला म्हाईत न्हाई."

त्यानं सांगितलं तसं, त्याच क्रमानं गुरुजींनी लिहून घेतलं. एकही विशेषण घातलं नाही. जन्मतारखेच्या जागी आले तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"एकोणीस नोव्हेंबर शहाण्णव," सत्यम म्हणाला. "लिहा. मंगळवार व्हता. क्वेसीनं मोबाइलवर काढून दिलं."

पन्हं संपवून तो उठला. पाया पडला नाही. गुरुजींनीही पाय खुर्चीखाली घेतले होते. दारात चपला घालताना तो म्हणाला, "कोर्टाची तारीख लागली की फोन करतो. तुमाला यावं लागंल."

"येतो," गुरुजी म्हणाले.

रात्री सुश्रुत कागद न्यायला आला. बाकीच्या चार जणांचे दीडशे-दीडशे शब्द होते. केरळच्या गोलरक्षकाचं बालपण चांगलंच खडतर झालं होतं. सत्यमचा परिचय त्यानं उभ्या उभ्या मोजला.

"काका, हे बेचाळीसच शब्द आहेत. पान रिकामं दिसेल. बाकीच्या जागेत काय टाकू?"

"फोटो मोठा टाक," गुरुजी म्हणाले. "पळतानाचा घे. उभा असलेला नको."